बुद्धीचें माप शोधणारे आल्फ्रेड बिने

वार्षिक परीक्षेचा निकाल लागल्यावर जे पालक आम्हांस भेटावयास येतात, त्यांपैकीं बरेच जण एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारीत असतात. आपल्या मुलास मुळांतच बुद्धि कमी आहे, कीं तो अभ्यासाची हयगय करितो, हें त्यांस जाणून घ्यावयाचें असतें. प्रश्न साधा दिसतो. पण त्याचें उत्तर देणें किती जोखमीचें आहे हें ज्यांस पुरतें उमगलें होतें, आणि तरीहि ज्यांनीं तें उत्तर शोधण्यांत आयुष्याचीं बरींच वर्षें वेंचिलीं, अशा एका फ्रेंच पंडिताची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस करून द्यावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहों. त्यांचें नांव आल्फ्रेड बिने.

बिने यांचा जन्म १८५७ सालीं नीस या समुद्रकांठच्या शहरीं झाला. तें शहर त्या वेळीं सार्डिनियाच्या राज्यांत मोडत असे. फ्रान्सकडे तें तीन वर्षांनीं आलें. वडील वैद्यकीचा धंदा करीत, आई चित्रकलेंत निपुण होती. आईबापांचें पटलें नाहीं व तीं विभक्त झालीं, तेव्हां मुलाचें पालनपोषण आईनेंच केलें. पंधराव्या वर्षीं तो पॅरिसला आला व लुई-ल-ग्रां या नामांकित विद्यालयांत शिकूं लागला. मुलगा हुशार होता. तथापि शालान्त परीक्षेच्या वेळीं एका ग्रीक तत्त्ववेत्त्याचें नांव त्यानें चुकून भलतेंच सांगितलें; त्यावर परीक्षक चिडले आणि या मुलास तत्त्वज्ञानाची बुद्धि कधींहि येणार नाहीं, असें भविष्य त्यांनीं तेथल्या तेथें वर्तविलें. तो कधींहि हा शब्द बिने विसरले नाहींत. तीसएक वर्षांनंतर, जगभर कीर्ति झाल्यावर, आपल्या एका ग्रंथांत त्यांनीं ही गोष्ट मुद्दाम नमूद करून ठेविली आहे.

१८७८ सालीं त्यांनीं कायद्याची पदवी घेतली, परंतु वकिलींत मन रमेना. वैद्यकीचा अभ्यास आरंभिला, तोहि अर्धवट सुटला. मग ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत जाऊन बसूं लागले, व मानसशास्त्रावरचीं जीं पुस्तकें हातीं लागतील तीं वाचीत सुटले. या शास्त्रांत त्यांस विधिपूर्वक असा गुरु लाभला नाहीं. जें मिळविलें तें स्वतःच्या वाचनानें व, पुढें दिसेल त्याप्रमाणें, ठेचा खाऊन.

पहिली ठेंच मोठी होती. १८८३ च्या सुमारास ते साल्पेत्रिएर या प्रसिद्ध रुग्णालयांत शार्को नांवाच्या मज्जातंतुवैद्याच्या हाताखालीं काम करूं लागले. तेथें मोहनिद्रेचे प्रयोग चालत. मोहनिद्रेंत असलेल्या रुग्णाच्या अंगाजवळ लोहचुंबक फिरविला असतां उजव्या हाताचा लुळेपणा डाव्या हातांत जातो, असें बिने व त्यांचे सहकारी फेरे यांस आढळलें, व हा मोठाच शोध आहे असें त्यांनीं जाहीर केलें. बेल्जममधील लिएज येथील डेलबफ या विद्वानांनीं स्वतः येऊन हे प्रयोग पाहिले. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, चुंबक उघड उघड रुग्णासमोर हालविला जातो, पुढें काय घडणार हेंहि रुग्णाच्या देखत बोललें जातें, आणि मग रुग्ण बिचारा अपेक्षेप्रमाणें वागतो. चुंबकाच्या जागीं लांकडाचा तुकडा असता तरी तेंच घडलें असतें! बिने प्रथम फार तावातावानें भांडले. परंतु कांहीं वर्षांनीं आपले प्रयोग सदोष होते हें त्यांनीं छापून कबूल केलें. विद्वान् लोकांस असें करणें किती जड जातें हें जाणणारास या कबुलीचें मोल कळेल. प्रश्न विचारणाराच्या मनांत जें उत्तर असतें तेंच नकळत समोरच्याच्या तोंडून बाहेर पडतें, हा धडा त्यांनीं जन्मभर गांठीं बांधला.

मध्यंतरीं, १८८४ सालीं, त्यांचा विवाह झाला होता व मादलेन आणि आलीस अशा दोन मुली घरांत खेळूं लागल्या होत्या. रुग्णालय सोडल्यावर बिने यांनीं या दोन मुलींकडेच बारकाईनें पाहण्यास आरंभ केला. आम्हांस त्यांच्या चरित्रांतील हा भाग सर्वांत गोड वाटतो. थोरली चालावयास शिकली ती मोठ्या सावधपणें. पुढचा आधार हाताशीं येईल अशी खात्री झाल्यावांचून ती हातची खुर्ची सोडीत नसे. धाकटी मात्र हंसत, अडखळत, कोठें जावयाचें याचा विचार न करतां धांव घेई. बाप त्यांच्यापुढें दोन रेघा काढून लांब कोणती तें विचारी, सोंगट्यांचे दोन ढीग मांडून अधिक कोणत्यांत तें विचारी. रेघांची तुलना चिमुरडी पोर जवळजवळ मोठ्या माणसाइतकी अचूक करी. पण थोड्या मोठ्या सोंगट्या व पुष्कळ लहान सोंगट्या समोर ठेवल्या कीं मोठ्यांचा ढीगच अधिक म्हणून दाखवी. एखादी वस्तु म्हणजे काय असें विचारलें कीं ती वस्तु कशाला लागते एवढेंच सांगे. मुली मोठ्या झाल्यावर त्यांस मनांत येतील ते वीस शब्द लिहावयास सांगणें वगैरे प्रयोग झाले. थोरलीचे शब्द बहुतेक सभोंवारच्या वस्तूंचे असत. धाकटीचे आठवणींतले, कल्पनेंतले. एकाच घरांत, एकाच आईबापांच्या पोटीं वाढलेल्या दोन मुलींच्या बुद्धीची तऱ्हा इतकी निराळी, हें पाहून बिने यांची खात्री झाली कीं बुद्धि ही एका सुतानें मोजण्याजोगी सरळ वस्तु नव्हे. या अभ्यासाचा त्यांचा ग्रंथ १९०३ सालीं निघाला.

१८९१ सालीं त्यांस रुआंच्या रेल्वे स्टेशनावर बोनी हे गृहस्थ भेटले. सॉर्बोन येथील मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते. बिने यांनीं तेथेंच त्यांस गांठून आपणास प्रयोगशाळेंत काम करूं द्यावें अशी विनंति केली, व ती मान्य झाली. बोनी निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळेचें प्रमुखपण त्यांच्याकडे आलें व तें मरेपर्यंत राहिलें. पॅरिसमध्यें प्राध्यापकाचें आसन मात्र त्यांस कधींच मिळालें नाहीं. एवढ्या काळांत त्यांनीं केलेल्या उद्योगांची यादी वाचली तर छाती दडपते. डोळे बांधून बुद्धिबळें खेळणारे, तोंडानें अवाढव्य हिशोब करणारे, कीटकांचे मज्जातंतु, हस्ताक्षर, सारें कांहीं त्यांनीं धुंडाळलें. शिवाय एका मित्राच्या साह्यानें अंगावर कांटा आणणारीं नाटकें लिहिलीं व तीं पॅरिसच्या रंगभूमीवर झालीं. इतक्या सभ्य गृहस्थास असला नाद कसा लागला हें एक कोडेंच आहे.

त्या काळीं डोकें मोठें तर बुद्धि मोठी, असा विद्वानांतहि समज होता. बिने यांनींहि तो प्रथम मान्य केला व शाळाशाळांतून जाऊन मुलांचीं डोकीं मापलीं. शिक्षकांनीं वर्गांतील अतिशय हुशार व अतिशय मागासलेलीं मुलें निवडून द्यावींत आणि बिने यांनीं त्यांच्या डोक्यांस कंपास लावावा, असा क्रम चाले. फरक निघाला तो जेमतेम मिलिमीटरचा. त्यांतहि त्यांस संशय आला कीं, हुशार कोण हें आधीं ठाऊक असल्यामुळें आपला हात तर चळत नाहीं ना? लोहचुंबकाची आठवण बुजलेली नव्हती. त्यांनीं व त्यांचे तरुण सहकारी डॉक्टर सिमों यांनीं तींच डोकीं वेगवेगळीं मापून पाहिलीं, तों मापें जुळेनात. तेव्हां बिने यांनीं हा मार्ग बहुतेक सोडूनच दिला.

मुलें दुसऱ्याच्या सुचविण्यास किती वश होतात हेंहि त्यांनीं शाळेंतच पडताळून पाहिलें. एकीपेक्षां एक लांब अशा कांहीं रेघा मुलांस क्रमानें दाखवावयाच्या व तशाच काढावयास सांगावयाच्या. पुढच्या रेघा मात्र सर्व सारख्याच. पुष्कळ मुलें डोळ्यांस दिसतें तें बाजूस ठेवून रेघ वाढवीतच जात. वर्गांत आम्ही शिक्षक जेव्हां अर्धें उत्तर प्रश्नांतच घालून विचारतों, तेव्हां मिळणाऱ्या उत्तराची किंमत काय, हें यावरून कळतें.

आतां मुख्य कामाकडे वळूं. फ्रान्समध्यें १८८२ च्या कायद्यानें सहापासून तेरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलास शिक्षण सक्तीचें झालें. त्यामुळें पूर्वीं ज्यांनीं शाळेचें तोंडहि पाहिलें नसतें अशीं मुलें वर्गांत येऊन बसलीं, आणि त्यांतलीं कांहीं वर्षानुवर्षें त्याच बांकावर राहिलीं. अशा मुलांसाठीं काय करावें हें ठरविण्याकरितां शिक्षणमंत्र्यांनीं १९०४ सालीं एक कमिशन नेमलें. त्यांत बिने होते. मुलाची तपासणी झाल्यावांचून त्यास नेहमींच्या शाळेंतून काढून खास वर्गांत घालूं नये, असें ठरलें. पण तपासणी कशी करावयाची? शिक्षकाच्या शब्दावर विसंबावें तर व्रात्य मुलाची पीडा टाळण्यासाठीं तो त्यास मंदबुद्धि ठरवावयाचा. आईबाप लाजेपोटीं लपवावयाचे. डॉक्टरांकडे पाठवावें तर एकाच मुलास तीन डॉक्टर तीन नांवें देत. आणि खास शाळेंत जाऊन आलेल्या मुलाकडे लोक जन्मभर कोणत्या नजरेनें पाहतील हें बिने ओळखून होते. चांगल्या मुलावर हा शिक्का चुकून बसूं नये, ही त्यांची पहिली काळजी होती.

सिमों यांच्या साह्यानें त्यांनीं १९०५ सालीं तीस कसोट्यांची एक मालिका तयार केली. पहिली कसोटी इतकी सोपी कीं, पेटलेली काडी हालविली असतां मूल नजरेनें तिचा पाठलाग करितें कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें. पुढें चॉकोलेटचा तुकडा व तसलाच लांकडाचा तुकडा यांतील भेद ओळखणें, आंकडे ऐकून म्हणून दाखविणें, दिलेले तीन शब्द एका वाक्यांत गोंवणें, असें चढत चढत शेवटीं जवळच्या अर्थाच्या भाववाचक शब्दांतील फरक सांगण्यापर्यंत मजल जाई. पाठांतराचा किंवा पुस्तकी ज्ञानाचा त्यांत होतां होईल तों संबंध नव्हता. मुलास काय शिकविलें आहे यापेक्षां तें समजून कसें घेतें, निवाडा कसा करितें, व स्वतःची चूक स्वतः कशी पकडतें, हें त्यांस पाहावयाचें होतें.

१९०८ सालीं या मालिकेस नवें रूप आलें. पॅरिसच्या दोनशेंवर मुलांस प्रश्न विचारून त्यांनीं प्रत्येक प्रश्नाचें वय ठरविलें. रीत अशी: एखाद्या प्रश्नाचें उत्तर सात वर्षांच्या मुलांपैकीं सुमारें तीनचतुर्थांशांस येतें व त्याहून लहानांस बहुधा येत नाहीं, तर तो प्रश्न सातव्या वर्षाचा. मोठ्या माणसास तो सोपा वाटतो कीं कठीण, यास महत्त्व नाहीं. तीन वर्षांच्या बालकानें नाक, डोळे, तोंड दाखवावें. पांच वर्षांच्यानें चौकोन पाहून काढावा. सातव्या वर्षीं चित्रांत काय राहून गेलें आहे तें ओळखावें. नऊ वर्षांच्यानें दुकान मांडून उरलेली मोड बरोबर परत द्यावी. आणखी मोठ्यांसाठीं विसंगत वाक्यें होतीं. उदाहरणार्थ, भावांची गणति करतांना स्वतःलाहि मोजणारा मुलगा कोठें चुकला, हें सांगावयाचें. ज्या वयाच्या प्रश्नांपर्यंत मूल पोहोंचेल ती त्याची बुद्धीची पातळी. खरें वय व ही पातळी यांत दोन वर्षांचें किंवा त्याहून अधिक अंतर पडलें, तरच मुलाकडे अधिक लक्ष द्यावयाचें.

तपासणाराचें वर्तन कसें असावें यावर बिने यांनीं जितका भर दिला तितका पुढें फारच थोड्यांनीं दिला. खोली निवांत असावी. मुलाचें हंसतमुखानें स्वागत करावें. तें बुजलें असेल तर आधीं धीर द्यावा. उत्तर चुकलें तरी रागावूं नये, आणि उत्तर सुचेल असा एक शब्दहि बोलूं नये. मूल मागें पडलेलें दिसलें तर त्याची दृष्टि ठीक आहे काय, तें आजारी आहे काय, शाळेंत किती दिवस येऊं शकलें, याची चौकशी करावी. फळ्यावरचें न दिसल्यामुळें मठ्ठ ठरलेलीं मुलें शाळाशाळांतून असतात हें पाहून, शिक्षकांनाच वापरतां येईल अशी डोळे तपासण्याची पद्धतहि त्यांनीं बसवून दिली. ब्रसेल्स येथें सुखवस्तु घरांतील मुलांस हेच प्रश्न विचारले तेव्हां तीं पॅरिसच्या गरीब वस्तींतील मुलांपेक्षां वर्षदीड वर्षानें पुढें निघालीं. यावरून घरची स्थिति या मापांत उतरते हेंहि बिने यांनीं मान्य केलें. लांकूड गजानें मोजतात तशी बुद्धि आपण मोजीत नाहीं, मुलांची एकमेकांशीं तुलना करून क्रम लावतों एवढेंच, असें ते पुनःपुनः बजावीत.

मग माप घेऊन करावयाचें काय? या ठिकाणीं बिने यांचें मोठेपण आम्हांस विशेष दिसतें. १९०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या बालविषयक ग्रंथांत त्यांनीं, बुद्धि जन्मतः ठरलेली असते व ती वाढवितां येत नाहीं, या मतावर कडक टीका केली. शेत जसें मशागतीनें सुधारतें तसेंच हेंहि आहे, अशी त्यांची धारणा होती. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें मागासलेल्या मुलांसाठीं खास वर्ग काढण्याचा कायदा झाला. अशा वर्गांत अभ्यासाच्या आधीं अवधानाचे खेळ घेत. शिक्षकानें खूण करतांच सर्वांनीं पुतळ्यासारखें निश्चल राहावयाचें. प्रथम हंसूं आवरेना, कांहीं दिवसांनीं वर्ग चित्रासारखा स्तब्ध राहूं लागला. दुसऱ्या खेळांत पुठ्ठ्यावर लावलेल्या आठनऊ वस्तु पांच सेकंद दाखवून झांकीत व मुलांनीं त्यांचीं नांवें आठवून लिहावयाचीं. कायद्याचा विचार चालू असतांना पार्लमेंटचे कांहीं सभासद हे वर्ग पाहावयास आले. हा खेळ पाहून त्यांस गंमत वाटली व त्यांतल्या कांहींनीं आपणहि करून पाहतों म्हटलें. वर्गांतील मंदबुद्धि म्हणविलेल्या मुलांपेक्षां सभासदांस पुष्कळच कमी वस्तु आठवल्या, तेव्हां बरोबरच्या मंडळींत हंशा पिकला. मुलांस सराव होता व पाहुण्यांस नव्हता, हें खरें. परंतु सरावानें हें साधतें हेंच तर बिने यांस दाखवावयाचें होतें.

१९११ सालीं त्यांनीं आपली मालिका पुन्हां एकदां सुधारली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षीं, पॅरिस येथें त्यांचें देहावसान झालें.

पुढील कथा त्यांच्या हातची नव्हे. १९१२ सालीं जर्मन पंडित स्टर्न यांनीं मानसिक वयास खऱ्या वयानें भागण्याची युक्ति काढली. १९१६ सालीं अमेरिकेंतील टर्मन यांनीं त्या भागाकारास शंभरानें गुणून तो प्रचारांत आणिला. आठ वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या प्रश्नांपर्यंतच पोहोंचला तर त्याचा अंक ७५. हाच बुद्ध्यंक. अंक सुटसुटीत खरा, पण तो कपाळावर लिहिल्यासारखा मुलास चिकटूं लागला. अमेरिकेंत गॉडर्ड यांनीं बिने यांच्या कसोट्यांचें भाषांतर केलें व न्यू यॉर्क बंदरांतील एलिस बेटावर, बोटीच्या प्रवासानें शिणलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या परदेशी लोकांवर त्या दुभाष्यामार्फत लावण्यांत आल्या. मग त्यांतले कितीतरी निर्बुद्ध ठरले यांत नवल तें काय! तेथील कित्येक राज्यांत या मापाच्या आधारें माणसांस वर्षानुवर्षें संस्थांत अडकवून ठेविलें. सहाय्य कोणास हवें तें ओळखण्यासाठीं केलेलें साधन कोणास दूर लोटावें हें ठरविण्यास वापरलें गेलें. डॉक्टर सिमों १९६१ पर्यंत हयात होते. त्यांस हा अंक शेवटपर्यंत रुचला नाहीं.

हिंदुस्थानांत लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजांतील राइस यांनीं १९२२ सालीं बिने यांच्या कसोट्या हिंदुस्थानी भाषेंत आणिल्या. मराठी मुलांच्या वांट्यास हें माप आलें तें व्ही. व्ही. कामत यांच्यामुळें. धारवाडकडे त्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत हें काम केलें. अशा कामांत नुसतें भाषांतर करून भागत नाहीं. पॅरिसच्या पोरास ठाऊक असलेलें नाणें इकडील मुलानें पाहिलेलें नसतें, तिकडच्या चित्रांतलें घर त्यास घर वाटत नाहीं. म्हणून प्रत्येक प्रश्न येथील मुलांस विचारून तो कोणत्या वर्षाचा हें नव्यानें ठरवावें लागतें. कामत यांनीं हा खटाटोप एकाच वेळीं दोन भाषांत केला. त्यांचें पुस्तक १९४० सालीं इंग्रजींत निघालें. मुलांस विचारावयाचे प्रश्न मात्र त्यांच्या घरच्या भाषेंत, मराठी व कानडींत होते.